एकांतवासी आणि त्याचे साक्षीदार



जो माणूस एकटा राहिला, त्याची साक्ष कोणी द्यायची? चारचौघांत राहणाऱ्याचे गुणदोष चारचौघांना दिसत असतात. त्याच्यामागे मुलेबाळे बोलतात, शेजारी बोलतात, भाऊबंद तर बोलतातच. परंतु ज्याने गावाबाहेर झोपडी बांधली आणि झाडापाखरांच्या सोबतीत दिवस काढले, तो गेल्यावर त्याच्याविषयी सांगणार कोण? झाडे सांगत नाहीत, तळ्याचे पाणी सांगत नाही. अधूनमधून त्याच्या दाराशी जाऊन आलेले चार स्नेही काय ते सांगतात, आणि ते जसा सांगतील तसाच तो पुढच्या पिढ्यांना कळतो. एकांतवासी जिवंतपणी कोणाच्या हाती लागत नाही. गेल्यावर मात्र तो सर्वस्वी मित्रांच्या हाती असतो. तेव्हा मित्रांनी त्याचे काय करावे, हा धर्माचाच प्रश्न आहे.

हा विचार आमच्या मनात आला तो आमच्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध साधकाच्या पुण्यस्मरणाला आम्ही गेलो होतो. गावापासून दोन मैलांवर माळावर पत्र्याची एक खोली बांधून ते गृहस्थ पंचवीस-तीस वर्षे एकटेच राहिले. आमचा त्यांचा चांगला स्नेह होता. आम्ही तासभर बोललो. त्यांची पहाटेची पूजा, एकवेळचे अन्न, दोन धोतरे, पैशाला कधी न लावलेला हात, हे सारे सांगितले. निःसंग, निर्मोही, निरिच्छ असे शब्द ओळीने आले. लोकांनी माना डोलावल्या. प्रसाद झाल्यावर एक म्हातारी जवळ आली, नमस्कार केला आणि म्हणाली, ‘‘अप्पाजी, तुम्ही बोललात ते सगळं खरंच. पण पेरूच्या दिवसांत ते आमच्या नातवासाठी रोज एक पेरू झाकून ठेवायचे, ते तुम्ही सांगितलंच नाही. पोरगं शाळेतनं त्याच वाटेनं यायचं ना.’’

एवढेच बोलून ती गेली. वाचकहो, पेरूची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. परडीखाली झाकलेला तो पेरू आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. तरी आम्ही तो सांगितला नाही, कारण निर्मोही या शब्दाच्या शेजारी पेरू शोभेना.

त्या दिवसापासून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन एकांतवासी आम्हाला पुन्हा पुन्हा आठवू लागला. त्याचे नाव हेन्री डेव्हिड थोरो. मराठी वाचकाला तो परका नाही. त्याच्या ‘वॉल्डन’ या ग्रंथाचा अनुवाद दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने केला आहे. अन्यायी राजसत्तेला शांतपणे नकार देण्याविषयीचा त्याचा निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचला होता, हेही पुष्कळांना माहीत असेल. आपल्या झोपडीत तो भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद वाचत असे, आणि पुढे १८५५ साली एका इंग्रज मित्राने त्याला भारतीय धर्मतत्त्वज्ञानाचे ४४ ग्रंथ पाठविले. परंतु आज आपल्याला त्याच्या ग्रंथांचा विचार करावयाचा नाही. त्याला ओळखणाऱ्यांनी तो गेल्यावर त्याला कसे आठवले, एवढेच पाहावयाचे आहे.

थोरोचा जन्म १८१७ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड या गावी झाला. घरचा धंदा शिसपेन्सिली बनविण्याचा. तो स्वतः उत्तम पेन्सिली करी, जमिनीची मोजणी करी, सुतारकाम करी. १८४५ च्या मार्चअखेर उसनी कुऱ्हाड घेऊन तो वॉल्डन तळ्याकाठच्या रानात गेला आणि पाइनची झाडे तोडून घर बांधू लागला. जमीन त्याचा मित्र एमर्सन याची होती. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपटी विकत घेऊन तिच्या फळ्या त्याने वापरल्या. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब असे ते घर. सगळा खर्च २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी परतला. दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस, एवढाच हा वनवास.

ते रानही घोर अरण्य नव्हते. गाव दीड मैलावर होते आणि तळ्याच्या एका कडेने आगगाडी जात होती. थोरो दर एक-दोन दिवसांनी गावात जाई, आईच्या घरी जेवी. हे त्याने लपविलेले नाही. त्याच्या टीकाकारांना मात्र ते फार मोठे गुपित सापडल्यासारखे वाटते. त्याच्या घरात तीन खुर्च्या होत्या. एकाच वेळी पंचवीस-तीस माणसे त्या खोलीत मावल्याचे त्याने स्वतः लिहिले आहे. १ ऑगस्ट १८४६ रोजी गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या गावातील स्त्रियांची वार्षिक सभा त्याच झोपडीच्या दारात भरली. हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी ब्रॉन्सन ऑलकॉट हा तत्त्वचिंतक मित्र बर्फ तुडवीत गप्पा मारावयास येई. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी की, मे महिन्यात घराचा सांगाडा उभा करावयाची वेळ आली तेव्हा हात लावावयास एमर्सन, ऑलकॉट, चॅनिंग हे लेखक मित्र आले होते, आणि एडमंड हॉसमर हा शेतकरी आपल्या मुलांना घेऊन आला होता. एकांतवासाची ही झोपडी मित्रांच्या खांद्यांवर उभी राहिली.

मग तो तेथे गेला कशासाठी? पुष्कळ कारणे आहेत, पण एक कारण सहसा सांगितले जात नाही. थोरोला जॉन नावाचा थोरला भाऊ होता. दोघांनी मिळून शाळा चालविली होती, १८३९ साली दोघे मिळून दोन आठवडे होडीतून नद्यांवर हिंडले होते. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याने बोटाला लहानशी जखम होऊन जॉनला धनुर्वात झाला आणि धाकट्या भावाच्या हातांत त्याने प्राण सोडला. त्यानंतर काही दिवसांनी धनुर्वाताची लक्षणे हेन्रीच्या अंगातही दिसू लागली. जखम कोठेच नव्हती. दुःखच शरीरात उतरले होते. वॉल्डनच्या झोपडीत बसून त्याने जे पहिले पुस्तक लिहिले ते त्या होडीच्या प्रवासाचे. भावाला आठविण्यासाठी त्याला शांत जागा हवी होती. पुढे १८४९ साली ते पुस्तक निघाले. हजार प्रतींपैकी सातशेच्या वर प्रती न खपता त्याच्याच घरी परत आल्या. जगाने त्याकडे पाठ फिरविली, पण भावाचे स्मरण पुरे झाले.

असा हा माणूस ६ मे १८६२ रोजी वयाच्या ४४ व्या वर्षी क्षयाने वारला. आता साक्षीदारांकडे वळू.

गावातील काहींची साक्ष कडू होती. १८४४ च्या एप्रिलमध्ये रानात मासे शिजविताना थोरो आणि त्याचा एक सोबती यांच्या हातून आग पसरली आणि तीनशे एकरांहून अधिक रान जळाले. ज्यांचे लाकूड जळाले ते पुढे कित्येक वर्षे त्याला रान जाळणारा म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. हॉसमर शेतकऱ्याचा नव्हे, पण त्याच आडनावाचा होरेस हॉसमर हा थोरोबंधूंच्या शाळेतील विद्यार्थी. त्याने म्हातारपणी सांगितले की मुलांचा जीव जॉनवर होता. हेन्री काटेकोर शिकवी, पण मुले त्याच्यावर तशी लोभावली नाहीत. तेही खरे मानले पाहिजे. स्मरण म्हणजे आरती नव्हे.

आता मोठा साक्षीदार. राल्फ वाल्डो एमर्सन हा त्या काळातील अमेरिकेचा सर्वांत नामवंत विचारवंत, थोरोहून चौदा वर्षांनी मोठा, त्याचा मार्गदर्शक आणि आश्रयदाता. ९ मे १८६२ रोजी अंत्यविधीच्या वेळी एमर्सनने भाषण केले आणि ऑगस्टमध्ये ते एका मासिकात विस्ताराने छापून आले. पुढे अनेक वर्षे जगाने थोरोला या भाषणातूनच ओळखले. भाषण थोर आहे. देशाने केवढा पुत्र गमावला हे देशाला अजून ठाऊक नाही, असे तो म्हणतो. परंतु त्यातील थोरो कसा आहे? त्याने लग्न केले नाही, कर भरला नाही, मांस वर्ज्य केले, मद्य घेतले नाही; नकारांची मोठी माळ आहे. कोणा मित्राचे बोलणे तेथे सांगितले आहे की, हेन्रीवर प्रेम करता येते पण त्याच्या हातात हात घालणे म्हणजे एल्म वृक्षाची फांदी धरण्यासारखे आहे. आणि शेवटाकडे एमर्सनने आपली खंतही बोलून दाखविली. या माणसात देशाचे नेतृत्व करण्याची शक्ती होती, पण महत्त्वाकांक्षा नव्हती. म्हणून तो हकलबेरी वेचणाऱ्या टोळीचा नायक होऊन राहिला.

हकलबेरी म्हणजे रानातील लहान निळसर-काळी फळे. आपल्याकडे वैशाखात पोरे करवंदे वेचावयास डोंगरात जातात, तसाच तो प्रकार. थोरो उन्हाळ्यात गावातील मुलांना घेऊन जाई, कारण चांगली झुडपे कोठे आहेत हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. एमर्सनला यात एका मोठ्या शक्तीचा अपव्यय दिसला.

वाचकहो, याच टोळीतील एक प्रसंग मॉन्क्युअर कॉनवे या दुसऱ्या मित्राने लिहून ठेवला आहे. एकदा एक लहान मुलगा भरलेली टोपली घेऊन येत असता ठेचकाळून पडला. सारी फळे सांडली. मोठ्यांनी समजूत घातली, आपली फळे देऊ केली, रडे थांबेना. तेव्हा थोरो आला, त्याने मुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला समजावले की, ही फळे पुढच्या वर्षीही यावयाची तर काही जमिनीवर सांडलीच पाहिजेत. त्यासाठीच निसर्गाने अशी सोय केली आहे की लहान मुलांनी अधूनमधून ठेचकाळावे. आता येथे झुडपांचे दाट बन होईल, आणि ते तुझ्यामुळे झालेले असेल. मुलगा हसू लागला.

तो मुलगा म्हणजे एडवर्ड एमर्सन, त्या मोठ्या साक्षीदाराचाच मुलगा.

बापाने ज्या टोळीकडे बोट दाखवून मित्राचे आयुष्य उणे ठरविले, त्याच टोळीत त्याच मित्राने बापाच्या लेकराचे डोळे पुसले होते. यात एमर्सनची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्याचे दुःख खरे होते. १८४२ च्या ज्या जानेवारीत थोरोचा भाऊ गेला, त्याच महिन्यात एमर्सनचा पाच वर्षांचा थोरला मुलगाही गेला होता. दोघे मित्र एकाच शोकातून चालले होते. पण मोठ्या माणसाला मित्र मोठाच हवा असतो. त्याने मित्राकडे पर्वताची अपेक्षा केली, आणि पर्वताच्या पायथ्याशी फुटलेला झरा त्याच्या नजरेतून निसटला.

पुढे १८६५ साली एमर्सननेच थोरोची पत्रे संपादून छापली. निवड करताना विरक्तीची, करारीपणाची पत्रे ठेवली आणि जिव्हाळ्याच्या ओळी गाळल्या. थोरोची बहीण सोफिया हिला हे रुचले नाही. तिच्या आग्रहामुळे काही ओळी परत घालाव्या लागल्या. तेव्हा, मी घडविलेला ग्रीक पुतळा तुम्ही बिघडविलात, अशी तक्रार एमर्सनने केली असे सांगतात. या बहिणीला तत्त्वज्ञान किती कळत होते ते बाजूला ठेवा. तिला एवढे कळत होते की आपला भाऊ पुतळा नव्हता. आमच्या सभेतील त्या म्हातारीलाही तेवढेच कळत होते.

एडवर्ड एमर्सन मोठा होऊन डॉक्टर झाला. लोक थोरोला रूक्ष, माणूसघाणा म्हणतात हे त्याला सहन होईना. गावातील जुन्या लोकांना भेटून त्याने आठवणी गोळा केल्या, आणि १९१७ साली, थोरोच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, एका लहान मित्राला आठवणारा थोरो या आशयाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील थोरो मुलांसाठी मक्याच्या लाह्या फोडतो, पेन्सिल अदृश्य करून ती कोणाच्या तरी कानातून काढतो, झाडांच्या सालीच्या शिट्ट्या करून देतो, खारीच्या आणि कासवाच्या गोष्टी सांगतो. वॉल्डनहून परतल्यावर एमर्सन युरोपात गेला असता थोरो त्याच्या घरी राहिला आणि त्याच्या बायकोमुलांची काळजी वाहिली. त्या वेळी तीन वर्षांच्या एडवर्डने त्याला मोठ्या गंभीरपणे विचारले होते की तुम्ही माझे बाबा व्हाल का. थोरोने ही गोष्ट मुलाच्या बापाला पत्राने कळविली.

आणखी एक साक्ष कॉनवेचीच आहे. कॉनवे हा व्हर्जिनियातील गुलामांच्या मालकाचा मुलगा. घरचा मार्ग सोडून गुलामगिरीच्या विरुद्ध उभा राहिलेला. १८५३ साली तो थोरोच्या घरी गेला तेव्हा दक्षिणेतून पळून आलेला एक गुलाम तेथे आश्रयाला होता. कॉनवे पाहत बसला. कोणाच्या हातात हात न देणारा असे ज्याच्याविषयी सांगत, तो थोरो त्या भेदरलेल्या माणसाला भरवीत होता, त्याचे सुजलेले पाय धुवीत होता, पुन्हा पुन्हा जवळ जाऊन घर आपलेच समजा म्हणून सांगत होता. पाहुण्याचे पाय धुणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

आता एक शंका कोणीही घेईल. स्वामीजी, मग या माणसाचा एकांत कोठे राहिला? मित्रांनी घर उभारले, आईने जेऊ घातले, मुले भोवती, आश्रित घरात. याला एकांतवासी का म्हणावे?

शंका योग्य आहे. आमचे उत्तर असे. एकांत म्हणजे माणसांचा अभाव असे आपण धरून चालतो, म्हणून ही अडचण येते. माणसे नसली तरी मन बाजारात भटकत असेल तर तो एकांत नव्हे, हे तुम्ही आम्ही पूजेला बसतो तेव्हा रोज अनुभवतो. थोरोने रानात जाऊन माणसे टाकली नाहीत. माणसांकडून आपल्याला काय मिळेल हा हिशेब टाकला. मान मिळावा, पैसा मिळावा, चारचौघांत नाव निघावे, ही ओझी झोपडीबाहेर ठेवली, म्हणून त्याचे हात मोकळे झाले. मोकळा हातच पडलेल्या मुलाच्या खांद्यावर जाऊ शकतो. ज्याच्या हातात हिशेबाची वही आहे, त्याला मूल रडताना दिसले तरी वही ठेवून मग उठावे लागते. वैराग्य आणि वात्सल्य यांना आपण दोन टोके मानतो. साक्षीदारांच्या जबान्या एकत्र वाचल्या तर दिसते की, वात्सल्य हे वैराग्याचेच फळ आहे. आणि ज्या वैराग्याला हे फळ येत नाही, ते वैराग्य की नुसता कंटाळा, हे तपासून पाहावे.

आपल्या शरणांच्या चरित्रांतही हेच आहे. मोळिगे मारय्यांविषयी परंपरा सांगते की ते काश्मीरचे राज्य सोडून कल्याणला आले आणि रानातून लाकडाच्या मोळ्या आणून विकू लागले. राजवैभव सोडलेल्या माणसाला कायमचे रानात राहणे अवघड नव्हते. पण ते रोज रानात जात आणि रोज डोक्यावर मोळी घेऊन गावात परत येत, कारण त्या मोळीच्या पैशांवर दासोह चालावयाचा होता. अक्कमहादेवी श्रीशैलाच्या कदळीवनात एकट्या गेल्या, परंतु त्याआधी कल्याणच्या अनुभवमंटपात शरणांच्या समोर उभ्या राहून, त्यांच्या कठोर प्रश्नांना उत्तरे देऊन, त्यांचे प्रेम घेऊन गेल्या. रानाची वाट आपल्याकडेही आहे. ती गावातून जाते. थोरो शरण नव्हता, आणि त्याला ओढूनताणून शरण करण्याचे कारणही नाही. तसे केले तर आम्ही पुन्हा पुतळाच घडवू. परंतु कायक आणि दासोह हे शब्द ज्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांना पेन्सिली करणारा, जमीन मोजणारा आणि पळालेल्या गुलामाचे पाय धुणारा हा माणूस समजावयास जड जाऊ नये.

आता शेवटच्या दिवसांची साक्ष. १८४६ च्या जुलैमध्ये कर न भरल्याबद्दल थोरोला एक रात्र गावच्या तुरुंगात राहावे लागले होते. त्याला पकडून नेणारा अंमलदार सॅम स्टेपल्स. तोच स्टेपल्स थोरोच्या अखेरच्या आजारात त्याला भेटावयास गेला आणि येऊन एमर्सनला म्हणाला की इतक्या आनंदाने आणि शांतपणे मरणाला सामोरा जाणारा माणूस मी पाहिला नाही. ज्याने बेडी घातली त्याच्या तोंडून ही साक्ष यावी, याहून मोठे प्रमाणपत्र कोणते?

परंतु आमच्या मनात घर करून राहिली आहे ती दुसरीच गोष्ट. ती एडवर्डने लिहिली आहे. थोरो अंथरुणाला खिळला होता. खिडकीतून रस्ता दिसे. गावातील मुले जाता-येता दिसत; तीच मुले, ज्यांना त्याने फळांची झुडपे दाखविली होती. त्यांना वाटे, आजारी माणसाला त्रास कशाला द्यावा. म्हणून ती आत येत नसत. तेव्हा तो म्हणाला की ही मुले मला भेटावयास का येत नाहीत, मी तर यांच्यावर पोटच्या पोरांसारखे प्रेम करतो. बहिणीने हे त्या मुलांपैकी एकाच्या आईला सांगितले. मग मुले जाऊ लागली. तो वारला तेव्हा शाळांचे प्रमुखपद ऑलकॉटकडे होते; मुलांना अंत्यविधीला येता यावे म्हणून त्याने त्या दिवशी शाळा लवकर सोडल्या.

विचार करा वाचकहो. ज्याला सारे जग निर्मोही एकांतवासी म्हणून ओळखते, तो खिडकीशी पडून मुलांची वाट पाहत होता. आणि मुले त्याच्या विरक्तीचा मान राखण्यासाठी आत येत नव्हती. आपण जिवंत माणसाभोवतीही पुतळा कसा बांधतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. मठात, घरात, गावात जी वडीलधारी माणसे शांत, अबोल, अलिप्त म्हणून आपण दुरून नमस्कार करून सोडून देतो, त्यांच्यापैकी कितीजण अशा खिडकीशी बसले असतील?

म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे आहे. पुण्यस्मरणाला बोलावयास उभे राहाल तेव्हा आधी सभेत मागे बसलेल्यांना विचारा. ज्याला त्या माणसाने रस्ता दाखविला, पोथी दिली, पेरू दिला, त्याला आधी बोलू द्या. संस्कृत शब्द नंतर येतील. अर्धे सत्य सांगणारा साक्षीदार खोटे बोलत नाही, तरी न्याय मात्र चुकतो. दुसरी गोष्ट अशी की, स्मरणाची वेळ येईपर्यंत थांबूच नका. जो एकटा राहतो त्याच्या दारावरून जाताना आत डोकवा. त्याने वैराग्य घेतले असेल, पण तुमची चाहूल घेणे त्याने सोडले आहे असे समजू नका.

एमर्सन पुढे वीस वर्षे जगला. म्हातारपणी त्याची स्मृती गेली; रोजच्या वस्तूंची नावेही आठवेनात. त्या दिवसांत त्याने एकदा पत्नीला विचारले असे सांगतात की, माझा सर्वांत जिवलग मित्र होता, त्याचे नाव काय? तिने सांगितले, हेन्री थोरो. तो म्हणाला, होय, हेन्री थोरो. भाषण विसरले, खंत विसरली, घडविलेला पुतळा विसरला. नावसुद्धा विसरले. जिवलग होता एवढे उरले. तीच त्याची खरी साक्ष, आणि ती द्यावयास त्याला सारे विसरावे लागले.

माळावरच्या त्या खोलीत आता कोणी राहत नाही. यंदाच्या स्मरणदिनाला आम्ही बोलणार नाही असे कळविले आहे. त्या म्हातारीचा नातू आता मोठा झाला असून बोलावयास तयार आहे. आम्ही ऐकावयास जाऊ.

शरणु शरणार्थी.